खानेसुमारीचे कागद व संगणकीय नकाशा

जुन्या कागदांतील लोकवस्तीचे आकडे संगणकाच्या साह्यानें नकाशावर मांडण्याची एक विद्या गेल्या वीसपंचवीस वर्षांत आपल्याकडे सुलभ झाली आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'जीआयएस' म्हणतात. 'भौगोलिक माहिती प्रणाली' असा मराठी प्रतिशब्द आतां रूढ होत आहे. इतिहाससंशोधनास तिचा उपयोग कितपत आहे, व तिच्या नादीं लागून कोणत्या भ्रमांत पडण्याचा संभव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. ही विद्या त्यानें निवृत्तीनंतर एका तरुण आप्ताच्या शेजारीं बसून, विद्यार्थी होऊन, घेतली. तेव्हां येथें यंत्रशास्त्राचें पांडित्य कोणी अपेक्षूं नये. रुमाल सोडून बसणाऱ्या माणसास या साधनाशीं व्यवहार करतांना जें दिसतें, तेवढेंच सांगावयाचें आहे.

या विद्येचा पूर्वेतिहास फार लांबविण्याचें कारण नाहीं. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीचा प्रादुर्भाव झाला, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्यूंच्या खुणा घरोघर नकाशावर केल्या, आणि त्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं दाटलेल्या आहेत असें दाखविलें. मनुष्यगणनेचा आंकडा जागेवर नेऊन ठेवला म्हणजे तो बोलूं लागतो, याचें हें उदाहरण सर्वत्र दिलें जातें. पुढें १९६० नंतर कॅनडा सरकारच्या जमिनीविषयींच्या नोंदींसाठीं रॉजर टॉमलिन्सन यांनीं हेंच काम संगणकाकडे सोंपविलें. क्यूजीआयएस नांवाची आज्ञावली २००२ सालीं सुरू झाली. ती विनामूल्य मिळते, आणि आमच्यासारख्या पेन्शनरांचा हात तिच्यापर्यंत पोंचतो तो त्यामुळेंच.

आमच्या कांहीं मित्रांचें म्हणणें असें कीं, नकाशा हें चित्र आहे, पुरावा नव्हे; ज्यास अस्सल कागद वाचतां येतो त्यास रंगीत चित्राची गरज काय? आक्षेप अर्धा खरा आहे. नकाशानें कागदांत नसलेली गोष्ट सिद्ध होत नाहीं. पण दोन कागदांतील विसंगति, जी दोन निरनिराळ्या रुमालांत सुखानें झोंपलेली असते, ती एका नकाशावर आली कीं लपून राहत नाहीं. नकाशा हा साक्षीदार नसून उलटतपासणी करणारा वकील आहे, असें समजलें म्हणजे पुरे.

प्रथम आंकड्याचेंच स्वरूप पाहूं. 'खानेसुमारी' हा शब्द फारसी. 'खाना' म्हणजे घर, 'शुमारी' म्हणजे मोजणी. पेशवाईंतील खानेसुमारी ही शब्दशः घरांची मोजणी होय, माणसांची नव्हे. इंग्रजी अमलांत माणसांची गणना सुरू झाल्यावरहि मराठींत शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं गणना झाली. सर्व देशांत एकाच वेळीं केलेली पहिली गणना ता. १७ फेब्रुवारी १८८१ ची, म्हणजे शके १८०२ ची. या दोन प्रकारचे आंकडे एकाच तक्त्यांत शेजारीं शेजारीं बसवावयाचे तर मध्यें एक पूल लागतो, आणि तो बहुतेक लेखक 'दर घरीं माणसें पांच' या गृहीतानें बांधतात. हें पांच कोठून आलें? पुण्यांतील चौसोपी वाडा, ज्यांत मालकाखेरीज आठदहा बिऱ्हाडें नांदत, तो एक घर. आणि गांवकुसाबाहेरील एका चुलीचें खोपटें हेंहि एक घर. दोहोंस पांचानें गुणिलें असतां उत्तर येतें. पण तें वाड्यास अन्याय करतें आणि खोपट्यासहि. शिवाय ज्या यादीचा हेतु पट्टी बसविणें हा असेल, तींत माफीचीं घरें धरलीं कीं गाळलीं, हें यादीच्या मथळ्यावरून व अखेरच्या बेरजेवरून पारखावें लागतें. संगणकास हा विवेक नाहीं. त्यास दिलेला प्रत्येक आंकडा सारख्याच ठसठशीत रंगानें तो रंगवितो. म्हणून घरांचे आंकडे घरें म्हणूनच नकाशावर ठेवावे. त्यांचीं माणसें करूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां मुख्य अडचण. आंकड्यांचा तक्ता एकीकडे असतो, गांवांच्या सीमांचा नकाशा दुसरीकडे. दोहोंची सांगड घालावयाची ती गांवाच्या नांवावरून. आणि गांवाचें नांव हीच या सर्व उद्योगांतील सर्वांत निसरडी जागा आहे. आपल्या कागदांत 'बु॥' आणि 'खु॥' हीं दोन अक्षरें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस हें नवें नाहीं. बुद्रुक म्हणजे फारसी 'बुजुर्ग', थोरलें. खुर्द म्हणजे धाकटें. पुण्याच्या हवेली तालुक्यांत आंबेगांव, वडगांव, कोंढवा या तिन्ही नांवांचीं थोरलीं-धाकटीं जोडपीं होतीं. कारकुनानें घाईंत अक्षर गाळलें कीं दोन गांवांचें एक होतें. पिंपळें म्हटलें तर सौदागर, गुरव कीं निलख? यांपैकीं पिंपळे सौदागर हें गांव हॅरल्ड मॅन यांनीं घरोघर तपासून १९१७ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें, म्हणून तें प्रसिद्ध. आज तीं तिन्ही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहेत, आणि जनगणनेच्या गांवांच्या यादींत त्यांस स्वतंत्र ओळ नाहीं.

याहून बोधप्रद उदाहरण लोणीचें. डॉ. थॉमस कोट्स यांनीं पेशवाई बुडाल्यानंतर लगेच 'लोणी' नांवाच्या गांवाचें बारकाईनें वर्णन लिहिलें. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहाच्या तिसऱ्या खंडांत तें १८२३ सालीं छापलें गेलें. कोट्सनें नुसतें लोणी लिहिलें. पुण्याच्या आसमंतांत लोणी काळभोर आहे आणि लोणी कंदहि आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं सव्वाशें वर्षांनंतर त्याच गांवाची पुनर्तपासणी केली आणि १९६० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लोणी कंदाविषयीं. आतां समजा, एखाद्या अभ्यासकानें कोट्सचे आंकडे तक्त्यांत घातले आणि नांवावरून जुळणी करण्याची आज्ञा संगणकास दिली. 'लोणी' या अक्षरांशीं जें नांव त्यास आधीं सांपडेल तेथें तो निःशंकपणें आंकडा नेऊन बसवील. सव्वाशें वर्षांची तुलना दोन निरनिराळ्या गांवांची होईल, आणि नकाशा मात्र सुंदर दिसेल.

यावर उपाय म्हणून २०११ च्या जनगणनेनें प्रत्येक गांवास सहा अंकी क्रमांक दिला आहे. नव्या अभ्यासकांस हा क्रमांक रुक्ष वाटतो. व्याकरण शिकलेल्या मनुष्यास तो जुना मित्र वाटेल. पाणिनीनें 'दा' आणि 'धा' या धातूंच्या गटास 'घु' अशी संज्ञा दिली. 'घु' या अक्षरास लौकिक अर्थ कांहींच नाहीं, आणि म्हणूनच ती संज्ञा निर्दोष आहे. अर्थ असता तर तो मध्यें लुडबुडला असता. गांवाचा क्रमांक ही अशीच कृत्रिम संज्ञा होय. नांव बदलेल, लेखन बदलेल, अहमदनगराचें २०२४ मध्यें अहिल्यानगर होईल. संज्ञा तीच राहील. म्हणून जुन्या कागदांतील प्रत्येक नांवापुढें आधीं मनुष्यानें, आपल्या बुद्धीनें, आजच्या गांवाचा क्रमांक लिहावा, आणि मग जुळणी क्रमांकावरून करावी. हें काम कंटाळवाणें आहे. परंतु संशोधन जें कांहीं होतें तें येथेंच होतें. पुढचें सारें रंगकाम.

सीमांचा प्रश्न याच जातीचा. १८८१ च्या आंकड्यांवरून पुणें जिल्ह्याचा नकाशा रंगविला तर दक्षिणेकडे भोर संस्थानाचा मुलूख कोरा राहतो, कारण त्याची गणना संस्थानांत होई. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. कोरा रंग पाहून तेथें अरण्य होतें असें कोणी समजूं नये. रत्नागिरीतून १९८१ मध्यें सिंधुदुर्ग निघाला, ठाण्यांतून २०१४ मध्यें पालघर निघाला. जिल्ह्यांच्या बेरजा जशाच्या तशा घेऊन 'लोकसंख्या घटली' असें म्हणणें म्हणजे भाऊ वेगळे निघाले म्हणून घर ओस पडलें असें म्हणण्यासारखें आहे. शतकांची तुलना करावयाची तर गांव हाच घटक धरिला पाहिजे.

पण गांवच नाहींसें झालें असेल तर? या प्रश्नानेंच आम्हांस या विद्येकडे ओढलें. भीमेवर उजनी येथें १९८० सालीं धरण पुरें झालें, आणि इंदापूर, दौंड, करमाळें, माढें, कर्जत, श्रीगोंदें या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें यशवंतसागराच्या पाण्याखालीं गेलीं. कांहींचें नव्या जागीं पुनर्वसन झालें, आणि नव्या वस्तीनें जुनेंच नांव घेतलें. आजच्या सीमांच्या नकाशावर जुनें पळसदेव शोधूं गेल्यास पळसदेव सांपडतें. पण तें तें पळसदेव नव्हे. जुन्या गांवच्या जागीं पाणी आहे, आणि उन्हाळ्यांत धरण आटलें म्हणजे पळसनाथाचें दगडी मंदिर तेवढें वर येतें. त्या गांवच्या कुळकर्ण्याच्या दप्तरांतील घरांची यादी कोणाच्या संग्रहांत असेल, तर ती आज कोणत्या बिंदूवर ठेवावी?

उत्तर तीन साधनांनीं मिळतें. पहिलें, १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका, ज्यांत गांववार आंकडे आहेत. उजनीच्या जलाशयाभोंवतीं पुणें, सोलापूर व नगर असे तीन जिल्हे भिडतात, म्हणून तिन्ही जिल्ह्यांच्या पुस्तिका एकत्र घ्याव्या लागतात. एकच घेऊन बसल्यास नदीच्या अर्ध्या कांठाचा इतिहास होतो. १९७१ पर्यंतच्या पुस्तिका धरणापूर्वींच्या, १९८१ पासूनच्या नंतरच्या. १९७१ च्या यादींतून १९८१ ची यादी वजा केली म्हणजे स्थलांतराचा प्रश्न कोठें कोठें उपस्थित होतो तें कळतें. दुसरें साधन, सर्व्हे ऑफ इंडियाचे धरणापूर्वींचे नकाशे. यांत गांवठाणें, देवळें, विहिरी, उतार व वाटा दाखविलेल्या असतात. तिसरें साधन आकाशांतलें. अमेरिकेनें १९७२ च्या जुलैंत पहिला लँडसॅट उपग्रह सोडला, आणि त्याचीं व त्याच्या अनुजांचीं चित्रें २००८ पासून सर्वांस विनामूल्य मिळूं लागलीं. त्या पहिल्या चित्रांतील एक ठिपका सुमारें ८० मीटरांचा. घर दिसत नाहीं, परंतु पाणी चढण्यापूर्वींचें भीमेचें पात्र व त्याचीं वळणें दिसतात. नदीचें वळण ओळखतां आलें कीं जुन्या नकाशांतील गांवठाण त्या वळणाशीं ताडून पाहतां येतें.

जुना नकाशा संगणकांत घेतांना एक बारीक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. आपल्याकडील जुनें मापन लॅम्टनसाहेबानें १८०२ मध्यें मद्रासेस आरंभिलेल्या व एव्हरेस्टनें पुढें नेलेल्या त्रिकोणमितीच्या आधारावर, एव्हरेस्टच्या नांवच्या पृथ्वीच्या आकारावर, उभें आहे. आजचे उपग्रह निराळा आकार धरतात. दोहोंतील फरक न सुधारतां नकाशे एकावर एक ठेवले तर पुण्याकडील भागांत प्रत्येक बिंदु शंभर मीटरांहून अधिक सरकतो. मैलाच्या हिशेबानें शंभर मीटर क्षुल्लक वाटतील. परंतु एवढ्या अंतरांत देऊळ ओढ्याच्या पलीकडे जातें, आणि गांवकुसाबाहेरची वस्ती गांवकुसाच्या आंत येते. वस्तीचा अभ्यास करणाऱ्यास ही चूक परवडणारी नाहीं. न हललेलीं ठिकाणें, जशीं टेंकडीवरील देवळें, रेल्वेचे पूल, दोन ओढ्यांचे संगम, हीं जुन्या व नव्या दोन्ही नकाशांत ओळखून त्यांस खिळे ठोकल्याप्रमाणें बांधावें लागतें. मूर्ति पालटतात, गाभारे पालटतात, पण टेंकडीवरचें देऊळ सहसा आपली जागा सोडीत नाहीं, हा आमच्या पूर्वजांनीं आम्हांवर केलेला अनपेक्षित उपकार होय.

मुळशीची गोष्ट याहून जुनी व अधिक कष्टाची. टाटांच्या धरणाविरुद्ध तेथील मावळ्यांनीं सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, हें सर्वश्रुत आहे. त्या वर्षींची जनगणना मार्चांत झाली आणि सत्याग्रह एप्रिलांत सुरू झाला. म्हणजे खोऱ्यांतील माणसांची तें बुडण्यापूर्वींची अखेरची गणती व त्यांचा लढा यांत महिनाभराचेंच अंतर आहे. येथें उपग्रहाचें जुनें चित्र नाहीं. मात्र मावळांत एक सोय आहे, जी देशावर नाहीं. मावळांतील तर्फ पुष्कळ अंशीं नदीच्या खोऱ्यास धरून असते. डोंगराची धार हीच तिची शीव. २००० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या अंतराळयानानें पृथ्वीच्या उंचसखलपणाचें जें मापन केलें, त्यावरून कोणत्याहि खोऱ्याच्या पाणलोटाची रेघ संगणक कांहीं क्षणांत काढून देतो. ही रेघ तर्फेच्या शिवेशीं ताडून पाहावी. जेथें जुन्या यादींतील गांव त्या रेघेबाहेर पडतें, तेथें कांहीं तरी घडलें आहे असें समजून कागद पुन्हां उघडावा. वतनाचा तंटा, इनाम, किंवा घाटवाटेचा ताबा असें एखादें कारण असूं शकेल. सोलापुराकडील सपाट मुलखांत हीच युक्ति चालवूं गेल्यास निव्वळ फसगत होईल.

घनतेविषयीं दोन शब्द. दर चौरस मैलास माणसें किती, हा प्रश्न नकाशाकार आधीं विचारतो. आपल्या कागदांत क्षेत्र बिघ्यांत व चावरांत येतें. चावर १२० बिघ्यांचा असें आपण पाठ म्हणतों. पण बिघा काठीवर अवलंबून, आणि काठी किती हातांची व हात कोणाचा, हें ठिकठिकाणीं निराळें. अशा क्षेत्रानें भागून घनता काढूं नये. ठिपक्यांच्या नकाशांतहि सावधगिरी पाहिजे. दर दहा घरांस एक ठिपका असा नकाशा मागितला तर संगणक ते ठिपके गांवाच्या शिवेंत वाटेल तेथें उधळतो; पाहणारास मात्र वाटतें कीं प्रत्येक ठिपक्याखालीं घर आहे. डोंगरमाथ्यावर व तळ्यांत वस्ती झालेले असे नकाशे आम्ही पाहिले आहेत.

अखेर पुणें शहराविषयीं. पेठवार कागद येथें विपुल आहेत, आणि पेठांच्या सीमा बऱ्याच अंशीं ठाऊक आहेत. तेव्हां नकाशाचें काम सोपें वाटतें. नांवांची खबरदारी येथेंहि घ्यावी लागते: वेताळ पेठ ती गुरुवार, मलकापूर तें रविवार, शहापूर तें सोमवार, विसापूर तें शुक्रवार. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत केलेल्या पुण्याच्या पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्यें निघाले. पेशवाईंतील पेठवार घरें व त्या पाहणींतील पेठवार कुटुंबें एका नकाशावर येणें हें अत्यंत इष्ट आहे.

परंतु येथें एक मर्यादा पाळली पाहिजे, आणि त्याबाबत आमचा कित्येक उत्साही मित्रांशीं मतभेद आहे. जुन्या यादींत घरमालकाचें नांव असतें, जात असते, धंदा असतो. संगणकामुळें हें प्रत्येक घर आजच्या सिटी सर्व्हे नंबरावर नेऊन बसविण्याचा मोह होतो. जनगणनेचा १९४८ चा कायदा व्यक्तीची माहिती गुप्त ठेवतो. १९३१ नंतर देशभरच्या गणनेंत सर्व जातींचे आंकडे प्रसिद्ध झालेले नाहींत, आणि २०२७ च्या गणनेंत जात नोंदण्याचा निर्णय सरकारनें २०२५ मध्यें जाहीर केला, तोहि मोठ्या वादानंतर. दोनशें वर्षांपूर्वींच्या मेलेल्या माणसांस गुप्ततेचा कायदा लागू नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्यांचे वंशज जिवंत आहेत, कित्येक त्याच जागेवर आहेत. कोणत्या जागीं पूर्वीं कोण राहत होतें, त्यास काय म्हणत, हें घरनिशाणीसह छापल्यानें इतिहासास जो लाभ होईल त्याहून आजच्या शेजाऱ्यांतील वैरास अधिक होईल. यादी जशी आहे तशी दप्तरांत राहावी व अभ्यासकानें वाचावी. नकाशावर मात्र पेठेच्या किंवा आळीच्या बेरजेखालीं जाऊं नये. वतनांचे निवाडे वाचलेल्या मनुष्यास याचें कारण अधिक सांगावें लागूं नये.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, कागद विकत घेतांना किंवा रुमालांतून वेगळा काढतांना तो कोणत्या गांवच्या, कोणाच्या दप्तरांतला, हें त्याच वेळीं टिपून ठेवावें. गांवाचें नांव कागदावर जसें आहे तसेंच, चुकीचें वाटलें तरी न सुधारतां, एका रकान्यांत लिहावें. तर्फ व परगणा दुसऱ्या रकान्यांत. आजच्या गांवाचा क्रमांक तिसऱ्यांत, आणि तो कशावरून ठरविला तें चौथ्यांत. कालाचा रकाना दुहेरी असावा. शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवावे लागतात, दक्षिणी फसलींत अनुक्रमें ५९० व ५९१. नुसतें 'सन' लिहिलेल्या कागदांत दोहोंचा घोटाळा झाल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्यांत एक दुष्काळ सहज हरवतो. म्हणून मूळ सन खोडूं नये. आंकडा घरांचा कीं माणसांचा, हें शेवटीं लिहावें. भीमाकांठच्या बुडालेल्या गांवांचे कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं इतकी नोंद जरी मंडळाच्या दप्तरीं पाठविली, तरी त्या गांवठाणांचे बिंदु निश्चित करण्याचें काम येत्या उन्हाळ्यांत, पाणी उतरलेलें असतां, प्रत्यक्ष स्थळीं जाऊन पडताळून पाहतां येईल.